गोणवीर अजून कयाधूत उभा आहे

थावरूदादा,

तुझी गुंडाळी माझ्यासमोर आहे. सुतळीची गाठही तुझीच, दोन वेढे आणि वर फास. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी सोनीवैनीनं ती माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "नव्या अंकाचे खाके हायत यात. त्याचं-तुझं तुमी बघा. मी न्हाई सोडणार." आज सातवा दिवस आहे. मीही सोडलेली नाही.

गफारभाईंच्या प्रेसवर तुझी चोवीस पानं पडून आहेत. चित्रं पुरी, रंग पुरे, आणि माणसांच्या तोंडापाशी काढलेले फुगे रिकामे. त्या फुग्यांतले शब्द मी लिहायचे होते. आपल्या चित्रकथेचे आधीचे बारा अंक मीच लिहिले. हा लिहायला मी नकार दिला आणि तू फुगे रिकामे ठेवून निघून गेलास. निर्मात्याच्या माणसाचा फोन रोज येतो. येत्या बाजाराला अंक दिसला नाही तर सिनेमा विसरा, म्हणतो. गफारभाई मला विचारतात, "बेटा, छापूं या नक्को? एक बात बोल दे."

एक बात कशी बोलू? वर्षभर आपण दोघं दोन बाता करत आलो, आणि शेवटची माझी होती. ती मी छापून वाटली.

हे तुला लिहिते आहे, पण इतरही वाचतील, आणि त्यांतल्या पुष्कळांनी गोणवीर पाहिलेला नाही. म्हणून तुला पाठ असलेलं थोडं पुन्हा सांगते. कंटाळू नकोस.

मी दहावीत होते. तू कळमनुरीच्या रस्त्यावरच्या भिंती रंगवायचास, खतांच्या, बियाण्यांच्या, निवडणुकीच्या. माझा बाप पत्रकं काढायचा. पाण्यासाठी, रेशनसाठी, मजुरीसाठी. मला त्यानं पाटीवर नाही, पत्रकांवर वाचायला शिकवलं. मला वाचता आलेला पहिला शब्द 'निषेध' होता. गफारभाईंच्या ट्रेडलवरून, त्या पायानं चालवायच्या छपाईयंत्रावरून, मी बापाचे गठ्ठे घेऊन जायची, आणि तू तिथं छपाईच्या ब्लॉकसाठी चित्रं द्यायला यायचास.

"काहून गं पत्रकवाली, आज कोणाचा निषेध?"

"तुझा. भिंतीवर खोटी कपाशी काढतोस. एका झाडाला एवढी बोंडं कुठं लागतात?"

"मंग खरी काढू? बियाणंवाला मलाच भिंतीत चिणून टाकील."

एकदा तू आजोबांच्या लदेणीची गोष्ट सांगितलीस. तुमच्या तांड्याचे लोक बैलांच्या पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोणी लादून जंगलातून मुलूखभर चालायचे. बैल थकला की आजोबा त्याची गोण स्वतःच्या खांद्यावर घ्यायचे, म्हणालास. त्याच दुपारी गफारभाईंच्या बाकावर गोणवीर जन्मला. अंगात घोंगडी, मुंडाशानं तोंड झाकलेलं, हातात काठी. ज्याचं ओझं त्याला पेलत नाही, त्याच्यापुढे हा येऊन उभा राहतो आणि म्हणतो, 'गोण इकडं द्या.' ओझं जेवढं जड, तेवढा हा जोरात पळतो.

"हे शास्त्राला धरून नाही," मी म्हणाले.

"तुझ्या बापाच्या पत्रकात दर महिन्याला उद्या क्रांती येती. ते शास्त्राला धरून हाय व्हय?"

मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पहिल्या अंकाचे शब्द लिहून आणले.

आणि ती चूक. तू भिंतीचा पेंटर, कागदावरसुद्धा भिंतीसारखंच काम करायचास. आधी पातळ कागदावर आकृती काढायची, मग सोनीवैनी तिच्या कशिद्याच्या सुईनं सगळ्या रेघांवर बारीक भोकं पाडायची. हा खाका. तो कोऱ्या कागदावर ठेवायचा, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थापटायची, की भुकटी भोकांतून खाली उतरते आणि आकृती तयार. एकच खाका उलटून थापटला की दरवाज्याच्या दोन बाजूंना एकमेकांकडे तोंड करून दोन वाघ उभे राहतात. पहिल्या मुखपृष्ठाला तू खाका ठेवलास आणि मी शेजारी बसून तुला वीजदरवाढीवरचं पत्रक वाचून दाखवत होते. तू ऐकता ऐकता थापटलंस, शाई फिरवलीस, रंग भरलास. मग हात थांबला.

"पत्रकवाली, तुझ्या आयचं... खाका उलटा पडला."

काठी डाव्या हातात आली होती.

दुसरा कागद नव्हता. ब्लॉक करायला नांदेडला जाणारा माणूस दारात उभा होता. तू म्हणालास, "जाऊ दे. डावखुरा असंल."

त्या एका उलट्या खाक्यानं काय केलं ते आपल्याला महिन्याभरानं कळलं. वसमत डेपोचा एक कंडक्टर होता, डाव्या हातानं तिकिटं फाडायचा, त्यावरून म्हाताऱ्या त्याच्या हातचं तिकीट घ्यायला कुरकुरायच्या. तो दर अंकाच्या पाच प्रती न्यायचा. एक गल्ल्याच्या पिशवीत दिसेल अशी खोचून ठेवायचा. आणि औंढ्याकडच्या एका गावातून एका बाईचं पोस्टकार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. लेक डाव्या हातानं जेवते म्हणून तिला चटके द्यायचो, लेकीनं तुमचं पुस्तक पुढं ठेवलं, आता देत नाही. एवढंच. खाली नावही नव्हतं. तू ते कार्ड वाचून झाल्यावर ब्रश धुवायला गेलास आणि फार वेळ धूत राहिलास.

तेव्हापासून गोणवीर ठरवून डावखुरा. बारा अंक. कळमनुरीचा बाजार, वारंगा फाट्यावरची पानटपरी, वसमतचं बसस्टँड.

बाराव्या अंकाच्या शेवटच्या पानावर आपण त्याला कयाधूच्या पुरात उतरवलं होतं. पलीकडच्या काठावर एक बाई उभी, तिच्या हळदीच्या बेण्याची गोण याच्या खांद्यावर, पाणी छातीपर्यंत. खाली मी लिहिलं होतं, 'पुढे काय झालं? अंक तेरा वाचा.'

मग मला नांदेडला डी.एड.ला नंबर लागला.

दोन वर्षं म्हणून गेले. त्यानंतर नोकरी, बदल्या, मोर्चे, माझी स्वतःची पत्रकं. येत राहिले, भेटत राहिले, पण तेरावा अंक लिहिला नाही. कंडक्टर मला पाच वर्षांनी फाट्यावर भेटला तर ओळख देण्याआधी त्यानं विचारलं, "निघाला का ताई तो बाहेर?" मी हसले. मला वाटलं, तो गंमत करतो आहे.

त्याच काळात फ्लेक्स आला. एका रात्रीत छापून येणारं, खिळे ठोकून लावायचं. तुझ्या भिंती एकेक करून त्याच्याखाली गेल्या. तू तक्रार केली नाहीस. फक्त हातांना काम नसलं की तू बोटांनी मांडीवर अक्षरं काढत बसायचास. मी ते बघायची आणि निघून यायची.

मागच्या वर्षी निर्मात्याचा तो माणूस आला. हिंदीत अचाट ताकदीच्या वीरांचे सिनेमे चालायला लागले होते, आणि मुंबईच्या कुठल्याशा निर्मात्याला मातीतला वीर हवा होता. कुणीतरी त्याला आपला चौथा अंक दाखवलेला. गफारभाईंच्या प्रेसवर खुर्चीत बसून त्यानं आपल्याला समजावलं. त्याचं बोलणं मला शब्दाशब्दानं आठवतं, कारण त्याच दिवशी आपलं भांडण सुरू झालं.

"पिक्चरच्या आधी सहा महिने पुस्तक पुन्हा बाजारात पाहिजे. म्हणजे पोस्टरवर टाकता येतं, गाजलेल्या चित्रकथेवरून."

"गाजली कुठं?" मी विचारलं.

"पोस्टरवर टाकलं की गाजते. पण अंक एकपासून. नवी सुरुवात. जुने बारा विसरायचे."

"तेरावा का नको?"

"मॅडम, तेरावा कोण उचलेल? ज्यानं बारा वाचलेत तो. मला ज्यानं एकही वाचला नाही तो पाहिजे."

मग एकेक करून बाकीचं आलं. मुंडासं तोंडावरून खाली घ्या, नटाचं तोंडच दिसणार नसेल तर नट घ्यायचा कशाला. नदी नको, पाण्यातलं शूटिंग त्रासाचं, त्याला शहरात न्या. आणि काठी उजव्या हातात द्या, मारामारी बसवणारे उजव्या हातानं बसवतात.

"नट कोण आहे?" मी विचारलं.

"अजून ठरायचाय."

दादा, हे मी तेव्हाही बोलले आणि आजही बोलते. सिनेमाची गोष्ट लिहिलेली नव्हती, नट ठरलेला नव्हता, कॅमेरा कुठं लागणार ते कुणाला माहीत नव्हतं. सिनेमाचा नुसता बेत होता. आणि त्या बेतापायी आपला कागद आधीच बदलायला निघाला होता. न ठरलेल्या नटाच्या उजव्या हातासाठी आपण त्या चटके बसलेल्या पोरीचा डावा हात काढून घ्यायचा. आपलं पुस्तक आता वाचकासाठी निघणार नव्हतं, सिनेमावाल्याला हातात धरून दाखवायला निघणार होतं. आणि अंक एक छापला की कयाधूत उभा असलेला आपला माणूस तिथंच बुडणार, कारण त्याला बाहेर काढणारा अंकच कधी नव्हता असं ठरणार.

तो गेला, तू ब्रश पुसायला घेतलास. मला वाटलं, तू नाही म्हणशील.

"करू," म्हणालास.

"काहून?" तुझाच शब्द तुझ्या तोंडावर फेकला मी.

"तुला बारा अंक दिसून राहिले. मला भिंती दिसून राहिल्या. पंचवीस वर्षं रंगवल्या, एक दाखव उरलेली. पडद्यावर गेला तर त्याच्यावर कुणी खिळे ठोकणार न्हाई."

"पडद्यावर जाईल तो गोणवीर नसेल."

"गोण उचलणारा कोण तरी असंल ना? तांड्यावरची पोरं शिट्ट्या मारतील, म्हणतील हे आमच्या थावरूनं काढलं. हात उजवा का डावा, गोणीला काय तकलीफ?"

"गोणीला नाही. वाचणाऱ्याला आहे. तू त्यांना नदीत सोडून चाललास."

तेव्हा तू ते बोललास. आवाज न चढवता, ब्रश पुसत.

"नदीत सोडून कोण गेलं, मी का तू?"

असं काही ऐकलं की मी काय करते ते तुला माहीत आहे.

मी पत्रक काढलं. 'नायक विकणे आहे.' त्याच ट्रेडलच्या मापाचं, एका बाजूला छापलेलं. गफारभाईंनी छापायला नकार दिला तेव्हा हिंगोलीहून छापून आणलं. तुझं नाव घातलं नाही, पण 'ज्याच्या हाताने जन्म दिला तोच हात आज बोली लावत आहे' हे वाक्य वाचून अख्ख्या कळमनुरीला कळलं. ते वाक्य लिहून झालं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. हे तुला सांगायचं राहिलं होतं. तू जिवंत असताना सांगायला हवं होतं, की मला त्या वाक्याची लाज तेव्हा वाटली नाही, आज वाटते. मुद्द्याची नाही. मुद्दा खराच होता. वाक्याची वाटते.

बाजारात मी ते वाटत होते आणि रांगेत तू समोर आलास. हातात मेथीची जुडी होती. मी पत्रक पुढे केलं, मागे घेता आलं नाही. तू उभ्या उभ्या सगळं वाचलंस. आजूबाजूला लोक थांबले. एक जण म्हणाला, "थावरू, देन्ना हिला जवाब." मला तू ओरडायला हवा होतास.

"छपाई साफ झाली," तू म्हणालास. "तिसऱ्या ओळीत एक काना तुटलाय." मग माझ्या काखेतल्या गठ्ठ्याकडे बघितलंस. "उरलेली मला दे."

"कशाला? जाळायला?"

"कागद पातळ हाय. एका बाजूनं कोरा हाय."

मी गठ्ठा तुझ्या अंगावर टाकला. तू तो मेथीच्या पिशवीत नीट ठेवलास आणि गेलास. तेच आपलं शेवटचं बोलणं. मी त्याला अपमान समजले. पुढचे अठरा दिवस मी तुझ्या दारावरून तीनदा गेले, आत खाकरण्याचा आवाज आला, आणि मी आत आले नाही. मग गफारभाईंचा निरोप आला, की नांदेडला दवाखान्यात नेत होते, वारंगा फाट्याच्याही अलीकडेच तू गेलास.

इथवर लिहिलं आणि गुंडाळी घेऊन तांड्यावर गेले. एकटीला सोडवेना.

सोनीवैनी ओसरीवर कशिदा घेऊन बसली होती. सुई चालू नव्हती. मी गुंडाळी तिच्यापुढे ठेवली. ती म्हणाली, "भ्या वाटतं व्हय? पत्रक वाटताना न्हाई वाटलं." तिनंच फास ओढला.

खाके माझ्या पत्रकांवर होते, दादा. सगळेच्या सगळे. कोऱ्या बाजूला तुझी पेन्सिल आणि रेघारेघांवर वैनीची भोकं, थेट माझ्या अक्षरांतून आरपार. छापील बाजू कोळशानं काळी झाली होती. 'बोली लावत आहे' हे भुकटीखाली दिसतही नव्हतं. तू माझ्या शब्दांवरच पुरचुंडी थापटली होतीस.

"वैनी, त्यानं हे वाचून दाखवलं होतं तुला?"

"दोनदा. म्हणला, पोरगी लिवती चांगलं. मग म्हणला, पाड भोकं."

मला वाटलं, झालं. माझं उत्तर मला मिळालं. एवढंच मिळणार होतं.

मुखपृष्ठाचा खाका सगळ्यात खाली होता. प्रेसवर तुझं पूर्ण झालेलं मुखपृष्ठ मी पाहिलेलं आहे. शहराच्या गच्चीवर पाय रोवून उभा, उजव्या हातात काठी, वर 'अंक १'. तोच आकार खाक्यावर होता. मी कागद छापील बाजूनं धरला. काठी उजव्या हातात. कोपऱ्यात काहीतरी उलटं टोचलेलं होतं, ते मला वाचता येईना. मी कागद उलटला, तुझी पेन्सिल होती त्या कोऱ्या बाजूनं धरला.

काठी डाव्या हातात आली. गुडघ्यांखाली गच्ची नव्हती, पाण्याच्या लाटा टोचल्या होत्या, ज्या तू रंगवल्याच नाहीस. तोंडावर मुंडासं होतं. आणि कोपऱ्यात सरळ वाचता येईल असं, 'अंक १३'.

तू काढलास तो तेरावा अंक होता. मग तो उलटून तू पहिला केलास.

"तेरा मीच पाडला," वैनी म्हणाली. "आकडा बराबर काढून दिला व्हता त्यानं."

"मग उलटून का दिला? त्याला काय करायचं होतं?"

"मला काय ठाव? कदी इकडून बघायचा, कदी तिकडून. उन्हाला धरायचा. पेन्सिलची बाजू कोरीच राहिली, बघ, भुकटी न्हाई लागली. इचारलं तर म्हणला, 'उलगडंल तिला.' तू आलीच न्हाईस."

मी कागदाची ती बाजू पाहिली. खरंच, एक काळा ठिपका नव्हता.

म्हणून एक गोष्ट इथं स्वच्छ लिहून ठेवते. तू शेवटी माझ्या बाजूला आलास, असं मी कुठल्याही पत्रकात छापणार नाही. मला ते माहीत नाही. तुला सिनेमाही हवा होता आणि नदीतला माणूसही बाहेर यायला हवा होता, आणि दोन्ही तू एकाच कागदावर ठेवलंस. निवड तू केली नाहीस. ती माझ्यावर आली आहे, आणि ती मी तुझ्या नावावर ढकलणार नाही. जी करते आहे ती माझी आहे. तुला राग आला तर माझ्यावरच येऊ दे.

गफारभाईंना मी एक बात बोलले. नको. चोवीस पानं छापायची नाहीत. त्या माणसाला कळवलं, की फुगे रिकामेच राहतील. तो म्हणाला, तुम्ही एका कलावंताचं मोठं नुकसान करताय. खरं असेल. त्यावर मी वाद घातला नाही. पानं वैनीनं मागून घेतली, पेटीत ठेवली. "मन लावून काढलीत त्यानं. जाळू नको, छापू नको. राहू दे."

मला चित्र काढता येत नाही. वैनीला थापटता येतं. ओसरीवर तिनं कोरा कागद पसरला, वर खाका ठेवला, कोरी बाजू वर करून. तुझी पुरचुंडी खुंटीला होती. तिनं ती माझ्या हातात दिली.

"तू थापट."

"हलेल माझ्यानं."

"हललं तर डावखुऱ्याचा थोटा होईल. थापट."

आम्ही दोघी हसलो. पहिल्यांदा, त्या सात दिवसांत.

मी थापटलं. खाका उचलला. खाली तो उभा होता, थोडा पुसट, डाव्या हातात काठी, खांद्यावर गोण. वैनीनं रेघांवरून शाई फिरवली. इतकी वर्षं ती तुझ्या मागं बसून बघत आली होती, हात फारसा चुकला नाही.

अंक तेरा एका पानाचा आहे. एकच चित्र, पत्रकाच्या मापाचं, मागं कोरं. येत्या बाजाराला मी तो त्याच जागी उभी राहून वाटणार आहे. वसमत डेपोला एक प्रत पाठवते आहे. औंढ्याकडे कुणाला पाठवायची ते माहीत नाही, म्हणून गठ्ठाच देते आहे एसटीत.

चित्रात एकच फुगा आहे. तोही तूच टोचून ठेवला होतास, मुंडाशाच्या शेजारी, दोन ओळी मावतील एवढा. काठावरची बाई इतकी वर्षं वाट बघत उभी आहे, तिला तो काय म्हणेल, हे मी फार वेळ ठरवत बसले. मग लिहिलं:

'उशीर झाला, माय. पण गोण कोरडी आहे.'